कणा नसलेल्यांची बाजू

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीतला, घरात काचेच्या टाकीत समुद्र वसवण्यावरचा पानभर लेख वाचला. छायाचित्रं सुरेख होती. मजकूर वाचून झाल्यावर मात्र मी चष्मा काढून ठेवला आणि बराच वेळ नुसती बसून राहिले, कारण त्या लेखातल्या तीन वाक्यांनी माझ्या टाकीतले अकरा जीव मारले आहेत. तुमच्या लेखकाचा त्यात दोष नाही. तीच वाक्यं सहा वर्षांपूर्वी मला दुसऱ्या कुणीतरी सांगितली होती आणि मी ती खरी मानली होती. पहिलं वाक्य असं की, टाकी आठवड्याभरात तयार होते. दुसरं असं की, कोळंब्या, गोगलगाई, खेकडे आणि तारामासे हे टाकीचं ‘सफाई पथक’ असतं, त्यांना वेगळं खाऊ घालावं लागत नाही. आणि तिसरं असं की, माशांना रोग झाला तर पाण्यात औषधाचे थेंब टाकावेत.

मी काही प्राणिशास्त्र शिकलेली नाही. एकतीस वर्षं बँकेत रोखपाल होते. निवृत्तीच्या वर्षीच मुलगा नोकरीसाठी परगावी गेला आणि त्याची दोनशे लिटरची टाकी माझ्या गळ्यात पडली. “आई, फक्त दिवे लाव आणि बंद कर,” असं सांगून गेला. नोटा मोजून मोजून अंगात मुरलेली एक सवय माझ्या कामी आली. हिशेब लिहिल्याशिवाय मला झोप येत नाही. टाकीसाठी मी एक आडवी वही घातली: आला, गेला, कारण. त्या वहीतल्या तिसऱ्या रकान्यात मी किती खाडाखोड केली आहे ते सांगण्यासाठीच हे पत्र लिहिते आहे.

आठवड्याभराचं आधी सांगते, कारण ते थोडक्यात संपतं. नव्या टाकीत काहीही कुजलं की अमोनिया तयार होतो. एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसऱ्या जातीचे त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात. हे जिवाणू खडकावर आणि वाळूत पुरेसे वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. पाणी पहिल्या दिवशीही काचेसारखं स्वच्छ दिसतं, आणि फसगत तिथेच होते. मी नवव्या दिवशी दोन गोगलगाई सोडल्या. दोन्ही अकराव्या दिवशी तळाशी उलट्या पडल्या होत्या. कारण: ‘अशक्त होत्या.’ पुढे ते खोडून ‘घाई’ असं लिहिलं.

आता तिसरं वाक्य. ते आठवलं की अजून पोटात कालवतं. जोकर माशाच्या अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके आले. मी घाबरून एका दुकानदाराकडे गेले, त्याने निळ्या द्रवाची बाटली हातात ठेवली. मी थेंब मोजून टाकले. मोजण्यात मी कधी चुकत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी गोगलगाई काचेवरून गळून पडलेल्या होत्या. अर्चिनचे, म्हणजे काट्यांच्या चेंडूसारख्या दिसणाऱ्या समुद्री जिवाचे काटे, जे एरवी प्रत्येक दिशेला स्वतंत्र हलतात, ते एका बाजूला लोळले होते. दोन कोळंब्या झटके देत पोहत होत्या, दुपारपर्यंत त्याही थांबल्या. चार गोगलगाई, एक अर्चिन, दोन कोळंब्या. जोकर मासा मात्र ठणठणीत बरा झाला.

त्या बाटलीत तांबं होतं. माशावरचे ते पांढरे ठिपके म्हणजे एक परजीवी. त्याला मारायला लिटरमागे ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम तांबं पुरतं, आणि कणा नसलेल्या बहुतेक प्राण्यांना तेवढं जीवघेणं असतं. बाटलीवर बारीक अक्षरात तसं छापलेलंही होतं. ते मी सगळं आटोपल्यावर भिंग लावून वाचलं. मुलाने फोनवर एक गोष्ट सांगितली. आपल्या रक्तात प्राणवायू वाहायला लोह असतं, तसं कोळंबीच्या आणि खेकड्याच्या रक्तात तांबं असतं, म्हणून त्यांचं रक्त निळसर असतं. ज्याच्यावर जगायचं त्यानेच मरायचं. मला तेव्हा ते ऐकवलं नाही. “हे तू जाताना सांगायचं होतंस,” एवढंच म्हणाले आणि फोन ठेवला.

आणि गोष्ट तिथे संपत नाही. तांबं चुनखडीच्या खडकात आणि वाळूत मुरतं आणि नंतर हळूहळू परत पाण्यात येतं. तांबं शोषून घ्यायला कार्बन घातला, पाणी बदललं, तरी माझ्या मनातून ते जाईना. शेवटी खडक आणि वाळू दोन्ही काढून टाकली आणि पहिल्यापासून सुरुवात केली. खरा मार्ग साधा आहे, फक्त कष्टाचा आहे. आजारी मासे सगळे वेगळ्या, उघड्याबोडक्या टाकीत न्यायचे आणि औषध तिथे द्यायचं. मुख्य टाकी साधारण अडीच महिने माशांवाचून ठेवायची. त्या परजीवीला मासा लागतोच, कोळंबीवर आणि प्रवाळावर तो जगू शकत नाही, आणि मासा न मिळाल्यामुळे मरतो. त्या अडीच महिन्यांत टाकीत कणा नसलेले तेवढे उरतात. मला तो काळ आवडला, हे प्रामाणिकपणे सांगते. मासे असले की आपण बाकी कुणाकडे बघतच नाही.

पण मला खरं भांडायचं आहे ते दुसऱ्या वाक्याशी. ‘सफाई पथक’ या शब्दाशी.

नव्याने वसवलेल्या टाकीत, दहाव्या महिन्यात, मी एक निळा तारामासा आणला. इतका निळा की घरात आलेला माणूस आधी टाकीकडे जायचा, मग माझ्याकडे. तो काही मागत नव्हता. दिवसभर खडकावरून, काचेवरून संथ चालायचा, आणि मी सगळ्यांना सांगायचे, बघा, याचा काही त्रास नाही, आपलं आपण बघतो. महिना झाला, दोन झाले, चार झाले. वहीत दर महिन्याला त्याच्यापुढे ‘उत्तम’ लिहायचे. पाचव्या महिन्यात एका बाहूचं टोक करड्या रंगाचं झालं. आठवड्याने तो बाहू मऊ पडला, आणि मग तीन दिवसांत तो अख्खा विरघळल्यासारखा संपला. काढायला गेले तर चिमट्यात धरण्यासारखंही काही राहिलं नव्हतं.

कारण: ‘आजार.’ वर्षभर वहीत तसंच होतं. मग वाचत गेले, आणि एका रात्री ते खोडून ‘उपासमार’ लिहिलं.

हा तारामासा खडकांवर जो अगदी पातळ, डोळ्यांना न दिसणारा जिवांचा थर साचतो तो चाटून जगतो. समुद्रात तो चालेल तिथे हा थर असतो. माझ्या टाकीतला सगळा थर त्याने काही आठवड्यांत संपवला असणार. त्यानंतर तो जगला कसा? स्वतःला खाऊन. आमच्या बँकेच्या भाषेत सांगायचं तर व्याज केव्हाच बंद झालं होतं, तो मुद्दल खात होता. आणि मुद्दल खाणाऱ्या माणसाचं जसं असतं तसंच, बाहेरून काही कळत नव्हतं. त्याला दात विचकता येत नाहीत, ओरडता येत नाही, पोट खपाटीला गेलेलं दिसत नाही. तो रोज चालत होता. मी त्याला निवांत फिरणं समजले, आणि तो अन्न शोधत होता.

संपादक महोदय, मला जे म्हणायचं आहे ते एवढंच आहे. या प्राण्यांना भुकेने मरायला इतके महिने लागतात की त्या काळाला आपण यश समजतो. मासा आठ दिवस उपाशी राहिला तर आपल्याला कळतं. तारामासा चार महिने उपाशी असतो आणि आपण त्याचे फोटो काढत असतो. तोवर दुकानातही कुणी तक्रार घेऊन जात नाही, कारण चार महिन्यांनी माणूस म्हणतो, आयुष्यच तेवढं असेल.

एकदा ही नजर आली की वहीतली इतर नावंही वेगळी दिसू लागली. लाल झालरीचा एक शिंपला मी आणला होता, आगीच्या ज्योतीसारखा दिसणारा. तो पाण्यात तरंगणारे सूक्ष्म वनस्पतीकण गाळून खातो. आणि आम्ही काय करतो? गाळणी लावतो, पाण्यातली घाण फेसाबरोबर काढून टाकणारा स्किमर लावतो, पाणी आरशासारखं करतो आणि अभिमानाने दाखवतो. म्हणजे त्याचं ताट रोज घासून पुसून रिकामं ठेवतो. तोही असाच, काही न बोलता गेला. माझ्या अकरातला तो अकरावा. वाळू उपसणारा तारामासा वाळूतले बारीक जीव खातो, आणि लहान टाकीतली वाळू तो पाहता पाहता निर्जीव करून टाकतो. अंगावर जांभळे-तपकिरी मोठे ठिपके असलेली ती नक्षीदार कोळंबी, जिचा फोटो तुम्ही पानाच्या मधोमध छापलात, ती तारामासेच खाते. ती हवी असेल तर तिला आयुष्यभर तारामासे पुरवायची तयारी हवी. लेखात ती ‘शांत स्वभावाची’ एवढंच म्हटलं आहे. तारामाशाला विचारून बघायला हवं.

रंगीबेरंगी कवचहीन समुद्री गोगलगाईंचंही तेच. एकेकीचं एकच खाणं ठरलेलं असतं: कुणाला अमुक जातीचा स्पंज, कुणाला तमुक. बर्घिया नावाची एक बारीकशी जात आहे, ती फक्त ऐप्टेशिया खाते. ऐप्टेशिया म्हणजे टाकीतलं तण म्हणावं असं लहान समुद्रफूल. एक उपटलं तर चार उगवतात. माझ्याकडे ते माजलं तेव्हा मी बर्घिया आणल्या, त्यांनी खरंच सगळं साफ केलं, आणि मग त्यांच्यासाठी ताटात काही उरलं नाही. पण या वेळी मी शहाणी झाले होते. ज्यांच्या टाकीत ऐप्टेशिया माजलं होतं अशा एका ओळखीच्या बाईंना त्या डब्यात घालून देऊन आले. वहीत पहिल्यांदाच ‘गेला’च्या रकान्यात कारण लिहिलं: ‘बदली.’

मग ठेवावं तरी काय, असं कुणी विचारेल. पुष्कळ ठेवता येतं. ट्रोकस जातीच्या गोगलगाई ठेवाव्यात. त्या उलट्या पडल्या तर स्वतः सरळ होतात. ॲस्ट्रिया जातीच्या होत नाहीत, आणि माझ्याकडची एक तर रोज रात्री काचेवरून पडते आणि सकाळी मी चहाच्या आधी तिला सरळ करते. वाळूत पुरून घेणारी नॅसॅरियस गोगलगाय ठेवावी. तिची नुसती सोंड वर दिसते, आणि पाण्यात खाणं पडलं की दोन मिनिटांत वाळू फोडून चार दिशांनी चार जणी बाहेर येतात. पाठीवर पांढरा पट्टा असलेली लाल सफाई कोळंबी ठेवावी. ती माशांच्या अंगावरचे मेलेले पापुद्रे आणि परजीवी टिपते, आणि पाण्यात हात घातला तर आधी माझी नखं साफ करते. पण या सगळ्यांना खायला घालावं लागतं. गोगलगाईंना आणि अर्चिनला शेवाळ कमी पडलं की वाळवलेल्या समुद्री शेवाळाचा तुकडा चिमटीला लावून. कोळंबीला गोठवलेलं बारीक खाणं, तेही माशांनी पळवू नये म्हणून लांब चिमट्याने तिच्या हातात. शंखात राहणाऱ्या खेकड्यांना खाण्याशिवाय रिकामे शंखही लागतात, वाढत्या मापाचे. ते ठेवले नाहीत तर तो जिवंत गोगलगाय मारून तिचं घर घेतो. असा खेकडा ‘भांडकुदळ’ आहे अशी तक्रार मी ऐकली आहे. घरच नसेल तर कोण भांडणार नाही?

पाण्याबद्दल लेखात दोन ओळी होत्या, त्यात मीठ ‘चवीपुरतं’ असल्यासारखं आलं होतं. समुद्राच्या एक किलो पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. टाकीतलं पाणी उडतं, मीठ उडत नाही. माझ्या दोनशे लिटरमधून उन्हाळ्यात दिवसाला दोन लिटर उडतात. दहा दिवस दुर्लक्ष केलं तर १८० लिटर उरतं आणि ३५ चे जवळजवळ ३९ होतात. मासा आपल्या शरीरातले क्षार काही प्रमाणात सांभाळून घेतो. तारामाशाला, अर्चिनला ती सोय नाही. त्यांच्या अंगात जे पाणी खेळतं ते बाहेरच्यासारखंच असतं. बाहेर बदललं की आत बदललं. म्हणून रोज उडालेल्या पाण्याइतकं गोडं पाणी घालायचं, तेही आरओवर शुद्ध केलेलं, आणि नवा प्राणी आणला की टाकीचं पाणी त्याच्या डब्यात थेंबथेंब सोडत तासन्तास थांबायचं. मी त्या वेळात भाजी निवडते. घाई केली तर तो मरतो, आणि लगेच मरत नाही, दोन दिवसांनी मरतो. मग दोष कुणाला द्यायचा ते कळत नाही.

कठीण प्रवाळ ठेवायचे असतील तर तो शब्दशः हिशेबाचा विषय आहे आणि तिथे मी सुखी असते. प्रवाळ आपला सांगाडा बांधायला पाण्यातून कॅल्शियम आणि क्षारता (खारेपणा नव्हे, आम्ल शमवण्याची पाण्याची ताकद) उचलतात. लिटरला ४०० ते ४५० मिलिग्रॅम कॅल्शियम, सुमारे १३०० मॅग्नेशियम, आणि क्षारता आठ-नऊ अंशांच्या आसपास, असा शिल्लक रकमेचा आकडा धरायचा आणि जेवढी उचल तेवढा भरणा करायचा. भरणा कशाने? चुन्याच्या निवळीने! मोठमोठ्या परदेशी नावांची बाटल्यांतली द्रव्यं असतात, पण जर्मन भाषेत ज्याला ‘काल्कवासर’ म्हणतात आणि पेटर विल्केन्स यांनी १९७० च्या दशकात ज्याचा या छंदात प्रसार केला, ते म्हणजे शाळेत फुंकर मारून दुधाळ करायचो तीच निवळी. शुद्ध चुना घ्यावा, वरचं स्वच्छ पाणी घ्यावं, आणि रात्री थेंबथेंब सोडावं. ती फार दाहक असते. एकदम ओतली तर टाकीचा पीएच उसळतो आणि सगळं मुसळ केरात.

एक गंमत सांगते, म्हणजे पत्र अगदीच रडकं व्हायला नको. पहिल्या कोळंबीच्या तिसऱ्या आठवड्यात ती मला तळाशी पडलेली दिसली. पारदर्शक, मिशांसकट, डोळ्यांसकट. मी तिला चिमट्याने काढलं, तुळशीच्या कुंडीत पुरलं, वहीत नोंद केली. संध्याकाळी दिवे लागले आणि कोळंबी खडकाआडून बाहेर आली. ती कात टाकते हे मला माहीतच नव्हतं. वाढायचं तर जुनं कवच उतरवावं लागतं, आणि नवं कडक होईपर्यंत ती लपून बसते, कारण तेव्हा तिला कुणीही खाऊ शकतं. त्या वहीत अजून ‘गेला’ आणि त्याखाली ‘परत आली’ अशी नोंद आहे. तांब्याने गेली ती हीच, म्हणून ती नोंद मी खोडत नाही.

हे प्राणी खरे दिसतात ते रात्री. टॉर्चवर लाल जिलेटिनचा कागद लावावा, लाल उजेडाने ते फारसे बिचकत नाहीत. दिवसा ओसाड वाटणारा खडक तेव्हा गावजत्रेसारखा असतो. खडकातून केसाळ किडे बाहेर येतात. मुलाने सांगितलं होतं, ते दिसले की काढ. आता मी काढत नाही. उरलंसुरलं तेच खातात, आणि त्यांची संख्या अचानक वाढली तर मला कळतं की माझ्या हातून खाणं जास्त पडतंय. नुसत्या हाताने मात्र धरू नये. त्यांचे काचेसारखे केस बोटात रुततात, ते चिकटपट्टीने ओढून काढावे लागतात.

तुमच्या लेखात एक गोष्ट अजिबात नव्हती आणि ती असायलाच हवी होती, कारण तिच्यात माणसाच्या जिवाला धोका आहे. बटणांसारखे रंगीत दिसणारे, चटईसारखे पसरणारे झोएंथिड प्रवाळ नवशिक्यांना आवर्जून दिले जातात, कारण ते चिवट असतात. त्यांच्यातल्या काही जातींत, विशेषतः पॅलिथोआमध्ये, पॅलिटॉक्सिन नावाचं विष असतं. ते १९७१ मध्ये हवाई बेटांवरच्या अशाच एका प्रवाळातून वेगळं करण्यात आलं, आणि ज्ञात विषांमधल्या सर्वांत जहाल विषांत त्याची गणना होते. हे प्रवाळ वाढून नकोसे झाले म्हणून लोक दगड बाहेर काढून घासतात, उकळत्या पाण्यात टाकतात. त्या वाफेने घरातली सगळी माणसं, कुत्र्या-मांजरांसकट, आजारी पडल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. दगड कधीही उकळू नये, कोरडा घासू नये. हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा घालावा, हाताला जखम असेल तर हात घालूच नये. आणि काम झाल्यावर ताप, धाप, तोंडात कडू धातूसारखी चव असं काही जाणवलं तर डॉक्टरांना टाकीबद्दल आपण होऊन सांगावं. ते विचारणार नाहीत.

लेखाच्या शेवटी ‘हा आधुनिक छंद’ असं म्हटलं आहे. छंद जुना आहे, आणि तो माशांसाठी सुरूच झाला नव्हता. झान व्हिलप्रो-पॉवर या फ्रेंच बाई. आधी कपडे शिवायच्या, मग सिसिलीत राहायला गेल्या. अर्गोनॉट नावाचा आठ पायांचा जीव आपला शिंपला स्वतः घडवतो की दुसऱ्याचा चोरतो, हा त्यांना पडलेला प्रश्न. तो सोडवायला त्यांनी १८३२ मध्ये काचेची टाकी करून घेतली, आणि तो स्वतः घडवतो हे सिद्ध केलं. काचेची टाकी आली ती कणा नसलेल्या एका जिवासाठी. १८४६ मध्ये ॲना थिन या इंग्रज बाईंनी समुद्रकाठचे कठीण प्रवाळ लंडनला नेऊन जगवले. त्यांना हवा मिळावी म्हणून घरातली मोलकरीण रोज अर्धा-पाऊण तास उघड्या खिडकीशी उभी राहून पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतत असे. माझ्या पंपाचा आवाज झाला की मला ती आठवते. इतिहासात नाव बाईंचं राहिलं.

पुढे १८५० च्या दशकात फिलिप हेन्री गॉस यांच्या लिखाणाने समुद्रकाठच्या डबक्यांचं वेड घरोघर पोचलं, लोक टोपल्या घेऊन किनाऱ्यावर उतरले, आणि त्यांच्याच मुलाने १९०७ मध्ये खेदाने लिहिलं की ती डबकी ओरबाडून उजाड झाली. आज कठीण प्रवाळ आणि थोरले शिंपले ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत, त्यांच्या व्यापाराला परवाने लागतात. माझा निळा तारामासा त्या यादीत नाही. म्हणून मी आता प्रवाळ घेते ते दुसऱ्याच्या टाकीत वाढलेल्या फांदीचे तुकडे, आणि समुद्रातून उचलून आणलेलं, ज्याचं खाणं मला देता येत नाही, असं काही घेत नाही.

मराठीत ‘याला कणाच नाही’ म्हटलं की माणूस उठून गेला पाहिजे इतका तो अपमान आहे. प्राण्यांच्या बाबतीतही कायद्यांनी बराच काळ कणा असलेल्यांचीच गणती केली. ब्रिटनमध्ये २०२२ साली प्राण्यांच्या संवेदनक्षमतेचा कायदा झाला, त्यात खेकडे, कोळंब्या, शेवंडे आणि ऑक्टोपस यांचा समावेश झाला. तारामासे, गोगलगाई, प्रवाळ अजून बाहेरच आहेत. त्यांना काय जाणवतं ते मला सांगता येणार नाही. पण सर जॉन डॅलियल यांनी १८२८ मध्ये स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरून एक साधं समुद्रफूल आणून बरणीत ठेवलं. ते त्यांच्यानंतरही जगलं, एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती गेलं, आणि १८८७ मध्ये गेलं तेव्हा तिथल्या वृत्तपत्राने त्याच्यावर मृत्युलेख छापला. एकोणसाठ वर्षं बरणीत, कारण कुणीतरी न चुकता पाणी बदलत होतं आणि खायला घालत होतं. तेव्हा ‘आयुष्यच तेवढं असेल’ हे म्हणण्याआधी मी आता वही बघते.

आपल्याला एकच विनंती. पुढच्या वेळी असा लेख छापाल तेव्हा छायाचित्राखाली प्राण्याचं नाव असतंच, त्याच्या शेजारी तो काय खातो तेही छापा. एका ओळीत मावतं. मी मोजून पाहिलं आहे.

आपली वाचक,
एक निवृत्त रोखपाल
(नाव प्रसिद्ध करू नये ही विनंती.)

ता. क. लेखातल्या उजवीकडच्या छायाचित्रात जे पांढरंशुभ्र समुद्रफूल ‘दुर्मीळ’ म्हणून दाखवलं आहे, ते दुर्मीळ नाही. त्याच्या अंगातलं शेवाळ, ज्याच्यावर ते जगतं, निघून गेलं आहे आणि म्हणून ते पांढरं पडलं आहे. ते कुणाच्या टाकीत असेल तर त्यांना कळवावं: प्रकाश एकदम न वाढवता हळूहळू वाढवा, पंपाच्या तोंडाला स्पंज लावा, आणि त्याला दोन-तीन दिवसांआड अगदी लहान तुकडा भरवा. कधी कधी वाचतं.